शंखातली खोली, नाश्ता धरून

एका जंगलात नाकतोडेराव आणि नाकतोडेबाई राहत. बाळांनो, त्यांना समुद्र पाहायचा होता. फक्त तो स्वस्तात पाहायचा होता.

म्हणून दोघं उड्या मारतच किनाऱ्यावर आली. सोबत घरच्या दशम्या होत्या, कारण बाहेरचं महाग असतं.

तिथे शंखात राहणारा एक खेकडा भेटला. बिचाऱ्याचं अंग पाठीमागून अगदी मऊ. शंख हेच त्याचं घर आणि चिलखत. पण आता तो तंग होऊ लागला होता. हंगामात पाहुण्यांना जागा भाड्याने देऊन चार दाणे जमले, की तो मोठा शंख घेणार होता.

"खोली एकच आसा," खेकडा म्हणाला. "तुम्ही फुडे निजा, मी मागे आंग चोरून ऱ्हवतंय."

"म्हणजे आम्ही मालकासोबत झोपायचं?" नाकतोडेबाई म्हणाल्या. "शेजारची शिंपली अख्खं घर देतेय. नाश्ता धरून!"

शिंपलीने सकाळपासून तोंडही उघडलं नव्हतं. पण खेकडा घाबरला. हातचं गिऱ्हाईक जायला नको.

"मगे मी खंय जाव?"

"एवढा मोठा किनारा आहे की!" नाकतोडेराव म्हणाले. "आणि तुम्हाला तर तो फुकट. भाडं मात्र निम्मं करा. देऊ निघताना."

खेकडा शंखातून बाहेर आला. उघड्या अंगाला वारा झोंबला. तरी तो हसून म्हणाला, "घर आपलाच समजा."

मला त्या खेकड्याचा फार राग येतो, बाळांनो. आणि दयाही येते.

संध्याकाळी वर एक घार फिरत होती. नाकतोडेरावांनी शंखाच्या दारातून ती पाहिली. "वा! पक्षीदर्शनही भाड्यातच!" ते म्हणाले आणि आत जाऊन आडवे झाले.

सकाळी नाश्ता आला नाही. हाका मारल्या, कुणी ओ दिली नाही. दारासमोर वाळूत एक नांगी पडली होती.

"साधा कचरा उचलत नाहीत," नाकतोडेबाई म्हणाल्या.

जंगलात परतल्यावर सगळ्यांनी विचारलं, जागा कशी होती? नाकतोडेरावांनी पाचापैकी एकच तारा दिला. म्हणाले, "जागा बरी आहे. पण मालक वेळेवर सापडत नाही."

तात्पर्य: घासाघीस शेवटपर्यंत सोडू नये. मालकच उरला नाही, तर भाडंही द्यावं लागत नाही.