पिवळ्या नळीचा पुरावा

भातकुलीच्या वामनरावांचा जगावर विश्वास नव्हता, आणि त्याला कारणही तसंच होतं. उभी हयात भाजीच्या धंद्यात गेली. क्रेटच्या वरच्या थराला टवटवीत टमाटे आणि खालच्या थराला 'बाकीचे', ही रचना ते स्वतःच्या हातानं करत आले होते. असा माणूस दुसऱ्याच्या क्रेटकडे सरळ नजरेनं पाहीलच कसा? दूधवाल्यापासून देवळातल्या पुजाऱ्यापर्यंत सगळ्यांकडे ते एक डोळा बारीक करूनच पाहायचे.

यंदा अधिक महिना भर उन्हाळ्यात आला आणि जावयाचा पहिला धोंडा ठरला. लेक आचल बाळापूरला दिलेली. तिचे सासरे भगवंतराव रिटायर्ड ग्रामसेवक. (म्हणजे ग्रामसेवक रिटायर झाला होता, रुबाब अजून नोकरीवर होता.) त्या घरानं आपल्याला नुसता भाजीवाला समजू नये, एवढीच वामनरावांची इच्छा. म्हणून त्यांनी परसातल्या भाजी धुवायच्या टाक्याला आकाशी फरशी बसवली, स्टीलची शिडी लावली, आणि गावभर सांगितलं, "घरी स्विमिंग पूल केला हाये." गाव त्याला टाकंच म्हणत राहिलं, ते सोडा.

पूलची बातमी बाळापूरला पोचली आणि पाहुणे धोंड्याच्या चांगले आठवडाभर आधीच दारात हजर झाले. विहीणबाई गुडघ्यांमुळे बाळापूरलाच राहिल्या. भगवंतराव, जावई नितेश आणि आचल आले. भगवंतराव सकाळी पाण्यात उतरायचे ते थेट जेवायलाच बाहेर यायचे. कोपऱ्यात गळ्यापर्यंत बुडून, डोळे मिटून बसायचे. वामनरावांच्या पत्नी वच्छलाबाई काठावरून चहा पुरवायच्या.

दुसऱ्याच दिवशी वामनरावांचा डोळा बारीक झाला.

"वच्छला," ते स्वयंपाकघरात येऊन कुजबुजले, "व्याही चहावर चहा पिऊन राहिले. एवढा चहा आत जाते, मंग मानूस बाहेर काहून नाई येत?"

"काय बोलता तुमी! व्याही हायेत आपले."

"व्याही असले म्हून काय झालं? चहा थोडीच नातं पाह्यते!"

त्याच दुपारी ते अमरावतीला गेले. पूलचं सामान विकणाऱ्या दुकानदारानं पाणी तपासायचे दोन प्रकार पुढे ठेवले. पाण्यात बुडवायच्या कागदी पट्ट्या, नाहीतर काचेच्या नळीत टाकायचे थेंब. पट्ट्या वामनरावांनी नाकारल्या. त्यांचा सातबाऱ्यावरसुद्धा पूर्ण विश्वास नव्हता, तर ह्या कागदावर काय बसणार! थेंबांची बाटली त्यांनी उजेडात धरून पाहिली, हुंगली, आणि मग आवाज खाली आणला.

"भाऊ, पान्यात कोनी... म्हनजे असं समजा... नाई ते केलं, त समजते काय?"

दुकानदाराचा एक कान मोबाइलला होता. "सगळं समजते काका. नळीत पानी घ्या, थेंब टाका, रंग पाहा."

"रंग कोनता?"

"पिवळा येते!"

वामनरावांना आणखी काही विचारायची गरजच वाटली नाही. पिवळा! दुसरा कोणता येणार?

घरी येऊन त्यांनी गुपचूप नळी भरली, थेंब टाकले, आणि पाणी लख्ख पिवळं झालं. वामनरावांना एकाच वेळी किळस आली आणि आनंदही झाला. आपला संशय खरा निघाला की त्यांना नेहमीच असं व्हायचं. पाणी शुद्ध व्हावं म्हणून रोज चिमूटभर टाकायची ती पावडर त्यांनी आज ओंजळभर पूलमध्ये टाकली. सकाळी पुन्हा तपासलं, तर रंग आणखी गडद! पुन्हा पावडर. संध्याकाळी नळीतलं पाणी संत्र्याच्या रसासारखं झालं, तेव्हा वामनरावांनी कपाळावर हात मारला. व्याह्यांना आता काही धरबंदच राहिला नव्हता.

तरी माणूस न्यायी. त्यांनी काहीतरी सबब काढून एकेकाला वेगवेगळं पाण्यात सोडलं. जावई एकटा उतरला, पिवळं. (बापावर गेला.) आचल एकटी उतरली, तरी पिवळं. हे मात्र त्यांना लागलं. माहेरी असताना पोरगी अशी नव्हती. सासरी जाऊन बिघडली.

इकडे पावडरीनं सगळ्यांचे डोळे तांबडेलाल झाले होते. आचलचे डोळे पाहून वच्छलाबाईंना निराळीच शंका आली. लेकीला एकटीला गाठून त्या विचारू लागल्या, "तुले सासरी कोनी बोलते काय वं? रडून राहिली तू?" आचल म्हणाली, "नाई वं आई, पान्यानं झोंबते." माउलीचा विश्वास बसेना. संशय आता जोडीनं घरात फिरू लागला.

शेवटचा पुरावा वामनरावांनी स्वतः उभा केला. वच्छलाबाई पाहुण्यांना घेऊन अमरावतीला अंबादेवीच्या दर्शनाला गेल्या, त्या दिवशी डोकं दुखतं म्हणून हे मागं राहिले. आधी पूल उपसून विहिरीच्या ताज्या पाण्यानं भरला. मग मठ्ठ्यानं तोंडोतोंड भरलेला गंज काठावर घेऊन दुपारभर एकटेच डुंबत बसले. पावडर टाकली नाही. आपण एकटेच, आपल्याला कशाला औषध! संध्याकाळी थेंब टाकले. रंग नाही! नळीतलं पाणी निर्मळ, आरपार. वामनरावांचे डोळे भरून आले. ती नळी त्यांनी बूच लावून देवघरात ठेवली, आणि व्याह्यांची पिवळी नळी चपलांच्या फळीवर.

धोंड्याचा दिवस उजाडला. पुरणाचे धोंडे झाले, जावयाच्या पुढ्यात अनारशांचं ताट आलं. सगळं गोडीत चाललं होतं. तेवढ्यात भगवंतराव ढेकर देऊन म्हणाले, "चला, आता एक डुबकी मारतो."

वामनरावांचा बांध फुटला. "व्याही, आज नाई! लेकराबाळाईनं उतरायचं पानी हाये ते. मी इतके दिवस बोललो नाई, पन माह्याजवळ पुरावा हाये!"

आणि त्यांनी चपलांच्या फळीवरची नळी आणून ताटांच्या मधोमध उभी केली. हे पाणी असं का झालं, हेही चार शब्दांत सांगून टाकलं.

नितेशनं हातातला अनारसा ताटात ठेवला. आचलचे डोळे आता खरोखरचे भरले. भगवंतराव उठले आणि म्हणाले, "आचल, बॅग भर. आपुन बाळापूरले चाललो." वच्छलाबाई पदर तोंडाला लावून दारात आडव्या उभ्या राहिल्या. लेकीचा पहिला धोंडा अर्ध्या ताटावर मोडत होता.

पण जाता जाता भगवंतरावांची नजर नळीवर पडली. त्यांनी ती उचलली, उजेडात धरली. त्यांच्यातला ग्रामसेवक जागा झाला.

"वामनराव, हे त ओटी टेस्ट हाये! उभी नोकरी मी गावोगावच्या पान्यात हेच थेंब टाकले. पिवळं आलं म्हनजे पान्यात ब्लिचिंग हाये. पानी चांगलं हाये!"

"चांगलं?"

"हे त इतकं पिवळं हाये का पावडरीचं पोतंच रिकामं केलं असन तुमी. तरीच म्हनतो, डोये काहून जळून राहिले!"

नितेश आधी हसला. मग आचल. मग भगवंतराव स्वतःच खो खो हसत पुन्हा पाटावर बसले. वच्छलाबाईंनी देवाला हात जोडले आणि घाईघाईनं सगळ्यांना आणखी एकेक धोंडा वाढला.

वामनराव मात्र हट्टाला पेटले. माणसाला एवढं सहज खोटं ठरवता येतं का? ते देवघरात गेले आणि आपली नळी घेऊन आले. "मंग हे काय हाये? मी एकटा उतरलो, त रंगच नाई आला!"

भगवंतरावांनी नळी पाहिली, वामनरावांकडे पाहिलं आणि हळूच खाली ठेवली.

"ह्यात औषधाचा पत्ताच नाई. अशा पान्यात कोनी काय केलं, ते ह्या थेंबाईले नाई समजत." मग व्याहीपणाला जागून म्हणाले, "तुमी कायले काई करसान म्हना!"

"हेच त मी म्हनतो!" वामनराव म्हणाले.

वच्छलाबाईंचा हात वाढता वाढता थांबला. त्यांनी आपला एक डोळा बारीक केला.

"थांबा जरा. त्या दिवशी जाताना मी मांजरीपायी संडासची कडी बाहेरून तारेनं बांधून गेलती. संध्याकाळी आली, त मठ्ठ्याचा गंज रिकामा," त्या म्हणाल्या, "अन् तार जशीच्या तशी!"