तांडेल सिस्टरांचं कारण

तांडेल सिस्टरांना ‘सहज’ हा शब्द चालत नसे. प्रसूती विभागाच्या दारात रेंगाळणाऱ्या नातेवाइकाला त्या विचारत, “का आलास? कारण?”

“सहज.”

“सहज तर शिंकही येत नाही. बाहेर बस.”

अंधेरीतल्या आमच्या घराजवळच्या हॉस्पिटलात त्या प्रसूती विभागाच्या इनचार्ज होत्या. राहायला खारदांड्याला, घरी तीन पिढ्या मासळीचा धंदा. एखाद्या बाईचं सिझर करायचं ठरलं, की त्या डॉक्टरांपुढे उभ्या राहत. “कारण?” डॉक्टरांनी ते सांगितलं, की उपप्रश्न. कळा किती वेळ आहेत? तिला चालवलं का? पाणी प्यायली का? “मासळी ताजी म्हणून कुणी दिली, तर आम्ही कल्ला उघडून बघतो,” त्या म्हणत. “कारणाचाही बघायचा.” नवे डॉक्टर चिडत. जुने उत्तरं तयार ठेवूनच येत.

एकदा एक आजोबा पंचांग घेऊन आले. गुरुवारी अकरा चाळीसला नातू हवा होता.

“तुम्ही कुठल्या मुहूर्तावर झालात?”

“कुणी बघितला होता तेव्हा!”

“मग वाट लागली का तुमची? झकास दिसताय. बसा.”

हे सगळं मी बाकावरून ऐकत असे. माझी बायको वृषाली हिच्या तपासण्या तिथेच चालू होत्या. सिस्टर असताना आपलं सिझर होणं अशक्य, अशी आमची खात्री होती. माझ्या आईला तर ते नकोच होतं. “आमच्या घरात अजून कुणाला कापलेलं नाही,” ती वृषालीसमोर म्हणे.

वृषालीला सकाळी दाखल केलं. दुपारपर्यंत सगळं ठीक होतं. मग मशीनवर बाळाचे ठोके उतरू लागले. दाराआडून तरुण डॉक्टरीणबाईंचा आवाज आला, “सिस्टर, अजून थोडं थांबून बघू या?”

“थांबायला कारण?” सिस्टर म्हणाल्या. “पाणी हिरवं आलंय. मी ऑपरेशनचं टेबल लावते.”

सिस्टर संमतीचा कागद घेऊन बाहेर आल्या. मी सवयीने विचारलं, “कारण?”

“आधी सही.”

मी सही केली. थोड्या वेळाने आतून रडणं ऐकू आलं. मुलगी होती. दोघी सुखरूप होत्या.

दुसऱ्या दिवशी वृषाली भिंतीकडे तोंड करून पडली होती. आई सकाळीच म्हणाली होती, “थोडा दम धरला असता तर झालं असतं.” सिस्टर आल्या आणि कोऱ्या फॉर्मच्या पाठीवर लिहिलेली एक चिठ्ठी त्यांनी वृषालीच्या हातात दिली. सिझर झालेल्या प्रत्येक बाईला त्या अशी चिठ्ठी देत, हे मला तेव्हा कळलं.

‘बाळाचे ठोके उतरत होते. बाळाने पोटातच शी केली होती. थांबलो असतो तर जीव धोक्यात होता. आईचा दोष नाही.’

“कुणी विचारलं तर ही दाखवायची,” त्या म्हणाल्या. “तोंडी सांगायचं नाही. तोंडी सांगताना रडू येतं.”

आईने चष्मा लावून चिठ्ठी दोनदा वाचली. मग वृषालीच्या केसांतून हात फिरवला आणि अळिवाची खीर करायला घरी गेली.

घरी सोडण्याच्या दिवशी वृषालीने विचारलं, “सिस्टर, तुम्हाला मुलं किती?”

“एक मुलगा. सिझरचाच.”

“कारण?” वृषाली हसत म्हणाली.

सिस्टर हसल्या नाहीत. “कुणी सांगितलंच नाही गं. एकोणीस वर्षांची होते. नर्सिंगला नंतर गेले. विचारायचं असतं, हेच ठाऊक नव्हतं. सासू मरेपर्यंत म्हणायची, हिला साध्या कळा देता आल्या नाहीत.”

वृषालीने माझ्याकडून पेन घेतलं, एका कागदावर काही लिहून त्यांच्या हातात दिलं. त्यांनी कागद लांब धरून वाचला. एकच ओळ होती: ‘आईचा दोष नाही.’

“यात कारण कुठंय?”

“ते मला माहीत नाही. पण ही ओळ तुम्हीच सगळ्यांना लिहिता ना?”

सिस्टरांनी कागदाची चौघडी केली, खिशात ठेवली आणि वरून हात दाबला. मग त्यांचं लक्ष माझ्याकडे गेलं.

“तू का उभा आहेस अजून? कारण?”

“आभार मानायचे होते.”

कल्ला उघडून बघावा तसं त्यांनी माझ्याकडे बघितलं.

“चालेल,” म्हणाल्या.