तात्यांचं परगाव

आमच्या शेजारचे तात्या एस.टी.त पाऊल न ठेवता परगावी जात. घरातल्या घरात, घोंगडीवर बसून.

विहिरीच्या सुरुंगात त्यांचे दोन्ही डोळे गेले. तेव्हापासून त्यांची झोप रोज थोडी पुढे सरके. आज पहाटे जाग आली तर आठवड्याने उन्हं वर आल्यावर, मग दुपारी, मग दिवेलागणीला. फिरत फिरत महिना-सव्वा महिन्याने पुन्हा पहाटे. तेवढे चार दिवस स्वारी खुशीत. ओट्यावरून ओरडत, "आलो बरं का परत आपल्या गावाला!"

एरवी बाया विचारत, "तात्या, कुठवर पोचलात?"

"काल जामखेड सोडलं. आज करमाळा."

नगरच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, डोळ्यांवाटे उजेडाची खबर मेंदूला जाते आणि तिथल्या पेशी त्यावरून अंगातलं घड्याळ रोज मिळवतात. तात्या म्हणाले, "म्हंजी घड्याळ चालू हाय, मिळवनारा गेला."

त्यांची बायको शेवंताकाकू मात्र ते उठतील तेव्हा अंगणात शेणाचा सडा टाकायची. भर दुपारी, तिन्हीसांजेलासुद्धा. त्या वासाने तात्यांची सकाळ होई. गाव हसायचं. काकू म्हणे, "माझा मानूस उटला की उजाडलं."

दुष्काळाच्या साली काकू भर दुपारी गेली. तात्या गाढ झोपेत होते. हलवून उठवलं तर म्हणाले, "एवढ्या रातीचं कोन रडतंय?"

पुढे ते उठले की दारात बसून विचारत, "उजाडलं का?" लोक खरं ते सांगत, "न्हाई तात्या, दिवस बुडाला." मग ते भाकरीला शिवत नसत. "उजाडल्याबिगर कसं खायाचं?" पाच-सहा दिवसांत गालफडं बसली.

मी शेजारची सून, त्यांच्यासमोर कधी बोलले नव्हते. एका सांजेला माझ्या वाट्याच्या तांब्याभर पाण्यात शेण कालवलं आणि त्यांच्या दारात सडा टाकला.

सासूबाई कडाडल्या, "प्यायला थेंब न्हाई अन् दिवस बुडताना सडा? येड लागलंय व्हय गं?"

तात्यांनी मान वर करून वास घेतला. ऐकत राहिले. "हात शेवंताचा न्हाई," ते म्हणाले. "पोरी, पानी नगं सांडूस. नुसतं येऊन सांगत जा. उजाडलं का?"

सूर्य डोंगराआड गेला होता. मी पदर सावरला.

"व्हय तात्या. उजाडलं."

त्यांनी हात पुढे केला आणि दात घासायला राखुंडी मागितली.