धनेशाच्या दारी मराठी मंडळी

इंटरनेटवर काय वाचावं हे अख्ख्या लखनऊत कोणाला कळत असेल, तर ते मला! मोठमोठ्या साइट्स काय, कोणीही वाचेल हो. पण कुणीतरी जीव ओतून लिहिलेला, जेमतेम चार वाचकांचा ब्लॉग हुडकायचा आणि मराठी मंडळाच्या ग्रुपवर टाकायचा, याला नजर असावी लागते. ती माझ्याकडे आहे. आमच्या अनघाचं म्हणणं वेगळं आहे, पण बायकोचं म्हणणं वेगळं असायचंच.

तर परवा मला घबाडच सापडलं! 'खिडकीतून दिसतं तेवढं' नावाचा मराठी ब्लॉग. लेखकाचं नाव नाही. विषय एकच, धनेश पक्ष्याची जोडी. मादी ढोलीचं तोंड लिंपून स्वतःला आत कोंडून घेते, अंडी उबवते, आणि चोच मावेल एवढ्या फटीतून नर तिला भरवत राहतो. तो आला नाही तर आत सगळे उपाशी! माझ्या अंगावर काटा आला. ऑफिसातल्या फायली तशाच ठेवून मी सगळं वाचून काढलं. एका ठिकाणी नुसतं लिहिलं होतं, 'आज लूच्या झळा फार. तरी तो आला.' डोळ्यांत पाणीच आलं हो!

संध्याकाळी जिन्यात वरच्या मजल्यावरचे शरदराव भेटले. रिटायर होऊन मुलाकडे राहायला आलेले, अगदी अबोल गृहस्थ. मी त्यांना भाजीच्या पिशवीसकट अडवलं.

"शरदराव, हा ब्लॉग वाचाच! निरीक्षण कशाला म्हणतात ते कळेल तुम्हाला."

"बघतो," ते म्हणाले.

"नुसतं बघू नका, वाचा! माणसाची नजर तयार होते."

"अच्छा," म्हणून ते वर निघून गेले. नंतरही दोनदा सांगितलं, दोन्ही वेळा 'बघतो'! अशा माणसांना काय सांगणार, कपाळ?

मग एका फोटोच्या कोपऱ्यात मला गंजकी पाण्याची टाकी दिसली. अरे, ही तर आमच्या मानक नगरच्या कॉलनीतलीच! मागचा तो पिंपळ! मी तत्काळ ग्रुपवर लोकेशन टाकलं आणि खाली लिहिलं, 'रविवारी पहाटे. सहकुटुंब या!'

"पापा, लोकेशन मत डालो ना," आमची अमृता कळवळली. "उन्होंने जानबूझकर नहीं लिखा होगा."

"अगं, चांगली गोष्ट चार जणांना सांगावी," मी म्हणालो.

चार कसले! रविवारी अख्खं मंडळ लोटलं. तेलीबागहून फौजेतला राजेश भलीमोठी कॅमेऱ्याची नळी घेऊन आला. विकास नगरच्या अरुणावहिनींनी पातेलंभर पोहे आणले. सतरंज्या पसरल्या, थर्मास उघडले. कॉलनीचा चौकीदार धावत आला, "साहब, धरना है क्या?"

तेवढ्यात नर आला. चोचीत फळ होतं. आमची जत्रा बघून त्याने घिरटी घातली आणि टाकीवर जाऊन बसला.

"शांत बसा!" मी ओरडलो. तो उडाला.

थोड्या वेळाने परत आला. "अरे, बोलू नका म्हणतो ना!" मी पुन्हा गरजलो. पुन्हा उडाला! तिसऱ्यांदा येतो तोच मंडळातल्या कांचनताईंच्या मोबाइलवर आरती सुरू झाली. आता तो येईचना.

ऊन चढायला लागलं. ढोलीच्या फटीतून चोचीचं टोक बाहेर आलं, उघडलं आणि रिकामंच आत गेलं. मी पोह्यांची बशी खाली ठेवली. माझ्या एका लिंकपायी त्या बिचारीचा संसार उपाशी मरणार होता!

"सगळे गप्प व्हा रे!" मी अगदी जिवाच्या आकांताने किंचाळलो.

कोणीतरी माझं कोपर धरून मला खाली ओढलं. मागे उभे असलेले शरदराव!

"बसा," ते हळूच म्हणाले आणि स्वतःही मातीत बसले.

त्यांचं बघून सगळे बसले. कोणी बोलेना. मराठी मंडळ आणि शांतता! आमच्याकडे श्रद्धांजलीलासुद्धा असं घडत नाही!

आणि मग तो आला. फटीशी लटकला. घशातून एक फळ काढून दिलं, मग दुसरं, मग तिसरं. आतली चोच एकेक अलगद घेत होती. राजेश फोटो काढायचा विसरला. अरुणावहिनींनी हात जोडले. माझा तर 'आ' वासलेला तसाच राहिला. एवढं नवल माझ्या घराच्या मागे चाललं होतं आणि मला त्याचा पत्ताच नव्हता!

संध्याकाळी ब्लॉगवर नवी नोंद आली. अनघाने चहा घेताना मोठ्याने वाचली.

'आज पिंपळाखाली मोठा थवा उतरला. पोहे खातो. त्यातला एक नर लक्षात राहण्यासारखा. डोक्यावर पिसं विरळ, पोट पुढे. इतरांना गप्प करण्यासाठी सगळ्यात मोठा आवाज हाच काढतो. कोपर धरून खाली बसवल्यास शांत होतो. मनाने चांगला आहे. मुक्काम आमच्या खालच्या मजल्यावर. जिन्यात भेटला की मला माझाच ब्लॉग वाचायला सांगतो.'

अनघाला हसून हसून ठसका लागला.

"पापा," अमृता म्हणाली, "ये वाला शेयर करो ना!"

काही म्हणा, लेख मात्र अप्रतिम उतरलाय. तुम्ही वाचाच, लिंक पाठवतो. फक्त लोकेशन मागू नका!