न ऐकलेल्या भाषणाची बातमी

भाषण ऐकून बातमी कोणीही लिहील हो, मी न ऐकता लिहितो! फुशारकी नाही, अभ्यास आहे. वर्तमानपत्रासाठी इतकी वर्षं भाषणं ऐकून मला एक गोष्ट पक्की कळलीय. माणसाचा आवाज गळ्यातून येत नाही, वाक्यांतून येतो. एकदा वाक्यं ओळखली की माणूस समोर नसला तरी चालतं.

आता पाणीखात्यातून निवृत्त झालेले आमचे साहेब घ्या. कार्यक्रम कुठलाही असो, प्रमुख पाहुणे तेच! सुरुवात 'खरं तर मी बोलणार नव्हतो.' मग लागोपाठ प्रश्न, एकाचंही उत्तर नाही. कर्तव्याचा विषय आला की 'आपण', श्रेयाचा आला की 'मी'. मध्येच काकांच्या कंदिलाची गोष्ट, आणि 'एवढं बोलून थांबतो' म्हटल्यावर आणखी अर्धा तास. बातमीत त्यांना नुसतं 'म्हणाले' चालत नाही, 'प्रतिपादन केले' लागतं.

त्या दिवशी वाचनालयात मुलांच्या खोलीचं उद्घाटन होतं, साहेबांच्या हस्ते. आमची ही तिथेच कामाला. शेवटी आभार मानायचं काम तिच्या गळ्यात पडलेलं, आणि माइकची तिला भारी धास्ती.

"अहो, याल ना नक्की?" सकाळी निघताना तिने विचारलं. "मागे बसा हवं तर, तुमच्या त्या नेहमीच्या खांबाआड. पण या. तुम्ही आहात म्हटलं की धीर येतो."

"येणार म्हणजे येणार!" मी म्हणालो.

दुपारी जेवण झालं, पंखा लावला, आणि मनात आलं, कंदिलाची गोष्ट ऐकायला एवढ्या लांब कशाला जायचं? आडवं होण्याआधी साहेबांचं अख्खं भाषण लिहिलं, पहिल्या 'खरं तर'पासून शेवटच्या 'थांबतो'पर्यंत. कार्यक्रम सुरू व्हायच्या आत बातमी ऑफिसात! मग मी मस्त ताणून दिली.

संध्याकाळी ही आली ती हातात फुलांचा गुच्छ घेऊन, चेहरा नुसता फुललेला.

"अहो, भाषण कसं वाटलं?"

एवढ्या लांबलचक भाषणाबद्दल बातमीदाराला विचारल्यावर तो काय गप्प बसतो?

"खरं सांगू? भिकार!"

"भिकार?"

"स्वतःची टिमकी किती वाजवावी! प्रश्न विचारायचे आणि उत्तरं गुलदस्त्यात. बरं, संपवावं ना वेळेत!"

"पण लोक हसत होते..."

"सुटका होईल या आशेने हसले असतील बिचारे!"

गुच्छ हळूहळू खाली आला. "आणि शेवटचं वाक्य? तेही नाही आवडलं?"

"शेवटाला कोण जागं होतं? मी तर चक्क झोपलो होतो!"

गुच्छ बादलीत ठेवून ती आत गेली, जेवलीही नाही. मला वाटलं, दमली असेल.

सकाळी पेपर आला आणि पाठोपाठ साहेबांचा फोन. आवाज घोगरा, पण स्वारी खूश.

"अहो, काय सुंदर बोललोय मी! कंदिलाची गोष्ट तर इतकी छान मलाही कधी जमली नव्हती. कमाल म्हणजे मी काल तापाने अंथरुणात होतो!"

"मग... बोललं कोण?"

"तुमच्या घरच्या! ऐन वेळी त्यांनाच उभं केलं म्हणे. तुम्ही तिथे नव्हतात?"

मागे वळून पाहतो तर ही उभी, हातात पेपर.

"म्हणजे तुम्ही आलाच नव्हतात?"

"अगं, डोळा लागला..."

"मग काल ते भिकार वगैरे?"

"साहेबांचं! शप्पथ, साहेबांचं!"

तिने मोठा सुस्कारा टाकला. "रात्रभर डोळ्याला डोळा नाही माझ्या! म्हटलं, पुन्हा म्हणून माइकसमोर जायचं नाही." मग तिला हसू फुटलं. हसून झाल्यावर मात्र तिने मला जे सुनावलं, त्याचं विश्लेषण करायची माझी छाती नाही. तेवढ्यात संपादकांचा फोन. "खरं भाषण आज संध्याकाळपर्यंत टेबलावर आलं नाही, तर उद्यापासून घरीच झोपा!"

मग काय, आलो हातापाया पडण्यावर. पुष्कळ विनवण्यांनंतर ही ओट्याला टेकून उभी राहिली, आणि मी डब्यांच्या फळीखाली वही घेऊन बसलो.

"आमच्याकडे एक मुलगी रोज येते," ती सांगू लागली. "उभ्यानेच वाचते. म्हटलं, बस ना गं. तर म्हणाली, बसायला कार्ड लागतं ना? ते ऐकल्यावर ही खोली मागितली आम्ही. इथे बसायला कार्ड लागणार नाही."

माझं पेन थांबलं. घोषणा नाही, अलंकार नाही, पाठ थोपटणं नाही. छोटी छोटी वाक्यं, आणि ती मुलगी समोर उभी! मला भरूनच आलं. इतकी वर्षं हा आवाज माझ्याच घरात होता, आणि मी गावभर कान देत फिरत होतो.

"आणि शेवटचं वाक्य?" मी विचारलं.

ती लाजली. "जाऊ द्या ते."

"अगं, नोकरीचा प्रश्न आहे!"

"मी म्हणाले, आमच्या घरचे बातमीदार सगळ्यांची भाषणं ऐकतात. आज पहिल्यांदाच माझं ऐकायला आलेत. ते बघा, तिकडे, खांबाआड!"

"मग?"

"मग काय! अख्ख्या सभागृहाने मागे वळून टाळ्या वाजवल्या. तुम्ही लाजून बाहेर येत नाही असंच वाटलं सगळ्यांना."

बातमी मी जशीच्या तशी लिहिली. 'प्रतिपादन' कुठेही नाही, सगळीकडे साधं 'म्हणाल्या'. संपादकांनी एका शब्दालाही हात लावला नाही, फक्त मथळा स्वतः दिला: 'टाळ्या खांबाला!' खाली ठळक अक्षरांत माझं नाव.

हिला आता भाषणांची बोलावणी येतात. मी प्रत्येक ठिकाणी वेळेआधी जाऊन पहिल्या रांगेत, अगदी मधोमध बसतो. तरी वाचनालयात तिचं भाषण झालं की लोक आधी मागे वळतात, आणि खांबाकडे बघूनच टाळ्या वाजवतात!