रूपकांची फाउंडेशन बॅच

पाचवीच्या एका स्पर्धा परीक्षेत 'स्वतःच्या कल्पनेने एक रूपक तयार करा' असा पाच गुणांचा प्रश्न येणार, ही बातमी लातुरात दुपारी पोचली आणि संध्याकाळपर्यंत त्या प्रश्नाच्या बॅचेस फुल्ल झाल्या. स्वतःची कल्पना ही काही मुलांच्या भरवशावर सोडण्याची गोष्ट नाही, याबद्दल शहरात दुमत नव्हतं.

रेणापूरच्या महानंदाबाईंनी त्याच आठवड्यात लातुरात खोली केली. नवरा संघपाल नांदेडला सरकारी नोकरीत. त्यामुळे खोलीत त्या, पाचवीतली विशाखा आणि सासू धुरपताबाई. क्लास राघवेंद्र सरांचा. सर आधी फिजिक्स शिकवत. पण रूपकात स्कोप जास्त आहे हे त्यांनी वेळीच ओळखलं होतं.

सरांची पद्धत शास्त्रीय होती. निरोप समारंभाची भाषणं, शिक्षक दिनाचे मेसेज आणि ऑटोमागचे मजकूर अभ्यासून त्यांनी मान्यताप्राप्त रूपकांचा संच काढला होता. आई म्हणजे वाहती नदी. गुरू म्हणजे तेवता दिवा. पुस्तक म्हणजे मित्र. बापासाठी रूपक नव्हतं. बाप आजवर परीक्षेला आलेलाच नव्हता.

"रूपक स्वतःच्या कल्पनेनं लिहायचं," सर पहिल्या दिवशी म्हणाले. "आता मी कल्पना सांगतो. स्वतःची म्हणून उतरवून घ्या. गुरू म्हणजे…"

"कुलर," विशाखा म्हणाली.

"काय?"

"कुलर, सर. आवाज लई, हवा न्हाई."

वर्ग हसला. बऱ्याच महिन्यांनी हसल्यामुळे काही मुलांना ठसका लागला.

महानंदाबाईंना तातडीने बोलावण्यात आलं. सरांनी आधी खुर्ची दिली, मग पाणी, मग बातमी.

"ताई, मन घट्ट करा. मुलीत कल्पनाशक्ती आहे."

बाईंनी पाण्याचा ग्लास खाली ठेवला. "कधीपासून, सर?"

"बरीच पसरलीय. पण घाबरू नका, पाचवीत लक्षात आलंय. दहावीत निघाली असती तर मीही हात टेकले असते. घरात आणखी कुणाला आहे?"

"सासूबाईला. बोलल्या की तसंच बोलत्यात. परवा नळाला जावई म्हणल्या. म्हणे, कधी येईल सांगत न्हाई, आन आला की साऱ्या घराची पळापळ."

सरांनी कागदावर 'आनुवंशिक' असं लिहिलं. आजार सासरकडून आलाय हे कळल्यावर महानंदाबाईंना त्यातल्या त्यात बरं वाटलं.

लातुरात परीक्षेच्या वर्षी घरातली केबल काढतात, वायफाय काढतात, पाहुण्यांना येऊ नका म्हणून कळवतात. याच प्रथेला अनुसरून धुरपताबाई काढण्यात आल्या.

"अगं, मी काय टीव्ही हाय का, वायर उपटून ठेवायला?" नांदेडच्या एसटीत चढताना त्या म्हणाल्या.

"बघा आत्याबाई, परत!" महानंदाबाईंनी लगबगीने विशाखाचे कान झाकले.

विशाखा आजीच्या कुशीत झोपायची. दिवसभरात जे दिसलं त्याला दोघी अंधारात नवी नावं ठेवत. एसटी वळणाआड गेली तेव्हा तिनं विचारलं, "आजी परत कधी येणार?"

"तुला पैकीच्या पैकी पडले की."

पोरगी कामाला लागली.

पहिल्या चाचणीत तिनं चंद्र म्हणजे 'उंदरानं कुरतडलेली भाकर' असं लिहिलं. शून्य. दुसऱ्या चाचणीत नुसतीच 'भाकर'. सरांनी पालकांना मेसेज टाकला: 'ताप उतरतोय.' तिसऱ्या चाचणीत 'चांदीची थाळी' आली आणि महानंदाबाईंनी गल्लीत पेढे वाटले.

आजीशी फोनवर बोलायला परवानगी होती, पण स्पीकरवर. आजीला प्रश्न ठरवून दिलेले होते: जेवलीस का, झोपलीस का, अभ्यास झाला का. म्हातारीनं काही दिवस नियम पाळला. मग एका रविवारी तिचा तोल गेला.

"विशे, हितं घाटावर बसले होते बघ. गोदावरी म्हणजे गं…"

महानंदाबाईंनी फोन कापला.

विशाखा रात्रभर तळमळली. सकाळी तिनं विचारलं, "सर, गोदावरी म्हणजे काय?"

"आई."

"मग आई?"

"नदी."

"आन नदी?"

"आई. कसंही फिरवून विचारू दे, आपण सेफ आहोत."

परीक्षा झाली. झाडून सगळ्या मुलांनी, स्वतःच्या कल्पनेने, आई म्हणजे वाहती नदी असंच लिहिलं. कुणीही कुणाचं बघून लिहिलं नाही, अशी पर्यवेक्षकांनी लेखी ग्वाही दिली. तशी गरजच पडली नव्हती. विशाखाला पैकीच्या पैकी पडले. चौकात तिचं बॅनर लागलं. बॅनरवर सरांचा फोटो मोठा होता.

सत्काराला आजीला नांदेडहून सन्मानानं आणण्यात आलं. वार्ताहरानं माईक पुढे केला. "विशाखा, आज कसं वाटतंय?"

विशाखानं डोळे मिटून विचार केला. मग नम्रपणे विचारलं, "पर्याय काय आहेत?"

टाळ्यांचा कडकडाट झाला. सरांनी चष्मा काढून डोळे पुसले.

मंचावरून खाली उतरल्यावर ती धावत आजीला बिलगली. "बोल की गं," धुरपताबाई तिचा चेहरा दोन्ही हातांत धरून म्हणाल्या. "कशी दिसायले मी? लई म्हातारी झाले का नांदेडात?"

"आजी म्हणजे…" विशाखा म्हणाली.

धुरपताबाई थांबल्या. विशाखाही थांबली. तिनं वर पाहिलं, खाली पाहिलं आणि शेवटी सरांकडे पाहिलं.

"आजी या संचात नाही, बेटा," सर मायेनं म्हणाले. "सहावीच्या बॅचला घेऊ."

म्हातारीनं नातीच्या कपाळाला हात लावून पाहिला. तोवर महानंदाबाई सहावीच्या प्रवेशाच्या रांगेत उभ्या राहिल्या होत्या, आणि त्यांच्या मागे रांग पार रस्त्यापर्यंत गेली होती.

वाचकहो, तुम्ही हसलात. मान हलवलीत. 'काय हे पालक!' असंही म्हणालात. छान. आता स्वतःच्या कल्पनेने फक्त एक रिकामी जागा भरा. ही गोष्ट म्हणजे समाजाचा ______.

'आरसा' ना?

बसा. पैकीच्या पैकी.