विसरण्याची विनंती

दुकानाच्या दारावर ‘नको’ हा शब्द लागणार नाही, असे चंपालालशेठनी सूर्यास्तापूर्वीच्या जेवणाला बसता बसता जाहीर केले, आणि वरणाची वाटी पुढे सरकवणारा त्यांच्या सुनेचा, नीलमचा, हात मध्येच थांबला. हे दार लाकडाचे नव्हते. शेठचे साड्यांचे दुकान मंगरूळपीरच्या बाजारात त्यांच्या वडिलांच्या काळापासून उभे होतेच. परंतु मुलगा, म्हणजे नीलमचा नवरा नमन, याच्या हट्टापायी ते आता मोबाइलवरही उघडायचे होते, आणि तेथे पाऊल टाकणाऱ्या गिऱ्हाइकाला आधी एक सूचना दाखवणे भाग होते. आपण काय काय पाहिले याची खूण दुकान आपल्याच मोबाइलमध्ये ठेवून देते, ती ठेवू द्यायची की नाही, एवढाच त्या सूचनेचा प्रश्न. या खुणेला जगात ‘कुकी’ म्हणतात. सूचना नीलमने लिहिली होती, आणि तिच्याखाली दोन बटणे होती: ‘ठेवा’ आणि ‘नको’. दोन्ही एकाच मापाची, एकाच रंगाची.

“गिऱ्हाईक उंबऱ्यावर आलं अन् आपुनच त्याच्या हातात ‘नको’ द्याचं? आजलोक चहा पाजल्याशिवाय कोनाले जाऊ देल्लं नाई मी.”

“बाबूजी, हो म्हणायले जितकी जागा, तितकीच नाही म्हणायले पाहिजे. कायदाच तसा आहे.”

“मंग ‘नको’ बारीक लिव. कोपऱ्यात.”

“तेच तं चालत नाही.”

नीलम अमरावतीहून कायद्याची पदवी घेऊन या घरात आली होती आणि पुण्याच्या दोन-तीन कंपन्यांसाठी घरबसल्या अशाच सूचना लिहीत असे. ‘घरबसल्या’ हा शब्द येथे अक्षरशः घ्यावा. कारण तिची बैठक स्वयंपाकघरातल्या लोणच्याच्या बरण्यांशेजारी होती, आणि कंपनीच्या वकिलांशी चाललेल्या गंभीर चर्चेला पूर्णविराम सासूबाईंचा कुकर देत असे. दुकानाच्या वरच्या मजल्यावर एक उजेडाची खोली होती. तीत लग्नाच्या पाहुण्यांसाठी ठेवलेल्या गाद्या वर्षभर निवांत झोपत. नीलमने ती खोली अनेकदा मागितली होती, आणि शेठनी दर वेळी “पाहू” असे उत्तर दिले होते. त्या घरात ‘नको’ हा शब्द कधीच उच्चारला जात नसे. त्याचे सगळे काम ‘पाहू’ करीत असे.

त्या दिवशी मात्र वादात हार होऊ लागलेली पाहून शेठनी पैज लावली. “लाव तुही सूचना जशीच्या तशी. लगनसराई सरेलोक एक बी गिऱ्हाईक तिच्यापायी दुकान सोडून गेलं नाई, तं वरची खोली तुही. गेलं, तं ‘नको’ बी जाईन अन् खोलीची गोष्ट बी.”

सासूबाई पानाबाई ताटावर पोळी वाढत होत्या. त्यांनी फक्त सुनेकडे पाहिले. ‘हो म्हण’ असा त्याचा अर्थ होता.

सूचना लागली. ती लिहिताना नीलमने पुण्याच्या कंपन्यांना न परवडणारा प्रामाणिकपणा केला होता. ‘आपला अनुभव अधिक समृद्ध करण्यासाठी’ असले काही तिने लिहिले नाही. तिने लिहिले: “तुम्ही कोणते कापड पाहिले आणि कोणते घेतले, हे आमचे दुकान लक्षात ठेवू इच्छिते, पुढच्या वेळी तुमच्या आवडीचे आधी दाखवता यावे म्हणून. तुमची हरकत असेल तर ठेवणार नाही. नको म्हणालात तरी दुकान तुम्हाला तितकेच उघडे आहे. आज हो म्हणून उद्या नको म्हणालात, तरीही चालेल.” तक्रार कोणाकडे करायची तेही सांगावे लागते, म्हणून खाली नमनने वडिलांचे नाव घातले. तालुक्यात त्या सूचनेइतके स्वच्छ मराठी त्या महिन्यात दुसरे कोणी लिहिले नसेल, आणि साऱ्या अनर्थाचे मूळ नेमके या स्वच्छपणात होते.

कारण वाचणाऱ्यांना ती समजली. ‘आमचे दुकान लक्षात ठेवते’ हे वाक्य पुण्यातल्या माणसाने वाचले असते, तर त्याच्या डोळ्यांपुढे कुठलेतरी यंत्र आले असते. मंगरूळपीरच्या पंचक्रोशीत दुकान म्हणजे चंपालालशेठ, आणि लक्षात ठेवणे म्हणजे शेठचे डोके. त्या डोक्याची ख्याती दूरवर होती. कोणत्या घरात कोणाच्या लग्नात कोणाला कोणते लुगडे गेले, हे त्यांना मुखोद्गत असे. आणि मुखोद्गत असलेले मुखातून बाहेर पडल्यावाचून राहात नसे. आहेरात आलेली साडी बदलायला कोणी बाई दुकानात आली, की शेठ तिचा काठ अंगठा आणि तर्जनी यांच्यात चोळत, डोळे अर्धवट मिटत, आणि भर दुकानात सांगत, “हे तं आपलंच. सोयाबीनचा भाव पडला होता त्या साली रूपलाभाऊनं नेलं होतं. हलक्यातलं मांगलं होतं त्यानं.” त्यांच्या दृष्टीने हा आपल्या मालाचा गौरव होता. रूपलाभाऊ आणि त्यांचे व्याही त्यानंतर वर्षभर बोलले नाहीत, ही गोष्ट शेठना कोणी सांगितली नव्हती.

पहिल्या प्रथम आल्या त्या इंझोरीच्या गोजराबाई. बाई घरच्या चांगल्या, बोलायला सडेतोड. मागे पिशवी घेऊन त्यांचे यजमान रामकिसन. नीलम गल्ल्याशेजारी बसून मोबाइलवरून आलेल्या मागणीची पाकिटे बांधत होती. शेठ बसल्या जागेवरून उठले.

“या, या, गोजराबाई. मांगच्या खेपेले भाचीसाठी जांभळं नेलं होतं, त्याच काठात आता...”

“थांबा, भाऊ,” गोजराबाईंनी हात वर केला. “मी ‘नको’ दाबलं आहे.”

“काय दाबलं?”

“वैभवीच्या मोबाइलात. नातीनं वाचून दाखोलं मले. माह्यं तुमी काई लक्षात ठिवाचं नाई. जांभळं बी नाई, भाची बी नाई. तक्रार असंन तं तुमच्यापाशीच करा म्हन्ते थे. मंग आली करायले.”

ती सूचना मोबाइलपुरती आहे, असे नीलमने पुढे होऊन समजावून पाहिले. बाईंनी शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, “मोबाइल बिचारा कोनाले सांगते का, पोरी? बोलते तं हे शेठ.” असा युक्तिवाद कायद्याच्या कोणत्याही पुस्तकात नव्हता.

आठवडी बाजारात ही गोष्ट पसरायला किती वेळ लागतो? धनजच्या सोनीबाई आल्या. त्यांनी संमती विभागून दिली. रंगाची आवड ठेवा, किंमत विसरा. संगीता नावाची नवी नवरी आली. तिने सासरच्या खरेदीसाठी ‘ठेवा’ आणि माहेरच्या खरेदीसाठी ‘नको’ सांगितले. भुरीबाईंनी आधी सगळे ठेवायला सांगितले आणि दोन दुकाने पुढे जाऊन परत येऊन सगळे काढून घेतले. सूचनेत तसे चालेल असे लिहिलेच होते. मोठमोठ्या कंपन्यांना लाखो लोकांची जी संमती सांभाळताना घाम फुटतो, ती शेठ एका टोपीखाली सांभाळू लागले.

आणि मग ते रुसले. रुसलेला माणूस कायदा जितक्या काटेकोरपणे पाळतो, तितका भिणाराही पाळत नाही. दुसऱ्या दिवसापासून शेठनी कोणालाही ओळखणे बंद केले. गिऱ्हाईक उंबऱ्यावर आले की ते हात जोडून विचारत, “आपुन कोन? कोन्या गावचे? हे लक्षात ठिऊ का नको?” समोरच्या सराफाला त्यांनी असे विचारले. स्वतःच्या साडूला विचारले. ज्याच्या मळ्यात शेठ दरवर्षी हुरडा खायला जात, त्या रामकिसनभाऊंनाही विचारले, आणि तेथे प्रकरण चिघळले. रामकिसनभाऊ आयुष्यात क्वचितच बोलत, कारण घरात तशी गरज पडत नसे. पण त्या दिवशी ते बोलले.

“मले वळखत नाई तुमी, शेठ?”

“तुमच्या घरून ‘नको’ आलं आहे, बापा.”

“थे तिचं. मी कोनाले काई म्हन्लं नाई. लहानपनापासून या दुकानात येऊन राह्यलो मी.” एवढे बोलून त्यांनी टेकायला दिलेली उशी बाजूला सारली, पायांत चपला अडकवल्या आणि चहा न घेता ते दुकानाची पायरी उतरले.

शेठनी नीलमकडे पाहिले. त्या नजरेत विजय होता, पण त्याखाली दुःखही होते, आणि दुःख अधिक खरे होते. “घे,” ते म्हणाले. “गेलं एक.”

नीलमच्या डोळ्यांपुढून उजेडाची खोली गाद्यांसह निघून गेली. त्या संध्याकाळी ती बरण्यांशेजारी कागद आवरू लागली, तेव्हा पानाबाईंनी भाजी निवडता निवडता विचारले, “तुह्या त्या कायद्यात सारंच विचारून ठिवा लागते का? मीठ बी?”

“म्हणजे?”

“भाजी करतानी तिखट किती टाकू हे मी विचारते. मीठ टाकू का, हे कोन विचारते?”

नीलम ताडकन उठली. मीठ कायद्यातही असते, हे ती विसरली होती, आणि ती सोडून त्या व्यवसायातले कोणीच विसरत नाही. ज्या खुणेवाचून दुकान चालूच शकत नाही, ती ‘आवश्यक’. तिच्यासाठी हो-नाही विचारावे लागत नाही, फक्त आहे म्हणून सांगावे लागते. जी खूण केवळ सोयीची, ती मात्र विचारूनच. तिने त्याच रात्री नव्या ओळी घातल्या: “तुमचे नाव, गाव आणि आपली ओळख आम्ही ठेवतोच, त्यावाचून दुकान चालत नाही. कोणी, कोणासाठी, कितीचे घेतले, हे तुम्ही सांगाल तरच ठेवू, आणि ठेवले तरी बोलणार नाही.” सकाळी तिने ते शेठना वाचून दाखवले. त्यांनी ‘आपली ओळख आम्ही ठेवतोच’ ही ओळ पुन्हा वाचायला लावली, टोपी सारखी केली, आणि कोणाला काही न सांगता ते इंझोरीच्या एसटीत बसले. परतताना त्यांच्या हातात रामकिसनभाऊंच्या मळ्यातल्या वांग्यांची पिशवी होती. गेलेले गिऱ्हाईक परत आले असे मानायचे की नाही, यावर नमन आणि नीलम यांच्यात वाद झाला. शेठनी ‘पाहू’ म्हणून तो मिटवला.

लगनसराई सरत आली आणि गोजराबाई पुन्हा आल्या. या खेपेला दुकान भरलेले होते. बाईंनी पिशवीतून एक जांभळे लुगडे काढून गादीवर टाकले. “नंदेनं देल्लं आहेरात. बदलून द्या. असं कोनी देते का वो घरच्या मानसाले?”

शेठनी ते उचलले. नीलमने पाकीट बांधायचे सोडले, कारण त्यांचा अंगठा आणि तर्जनी काठावर गेली होती. काठ चोळला गेला. डोळे अर्धवट मिटले. तिला कळले: शेठना हे लुगडे ओळखू आले होते, नुसते ओळखू नव्हे, त्याची कुळकथाच आठवली होती. त्यांचे कान लाल झाले. बसलेल्या बाया मोठ्या आशेने पुढे झुकल्या, कारण या दुकानात असे क्षण फुकट पाहायला मिळत, आणि बऱ्याच दिवसांत एकही मिळाला नव्हता.

“कोनाच्या वक्ताचं आहे हे, भाऊ?” गोजराबाईंनी विचारले. “तुमच्याच दुकानातलं दिसते.”

शेठचे ओठ उघडले. नीलमने डोळे मिटून घेतले. खोली, उजेड, टेबलावर पसरलेले कागद, सारे त्या उघड्या ओठांत अडकले होते.

“तुमी गोजराबाई, गाव इंझोरी,” शेठ एकेक शब्द दातांखाली धरून सोडत म्हणाले. “थे आवश्यक आहे. बाकी मले काई आठवत नाई, माय. नमन, बाईले दुसरं दाखव.” आणि त्यांनी पाणी मागवले.

गोजराबाईंनी निवांतपणे हिरवे लुगडे पसंत केले, पिशवीत घातले, उंबऱ्यापर्यंत गेल्या आणि वळल्या.

“भाऊ, हे जांभळं मीच देल्लं होतं नंदेच्या पोरीले. तुमच्यापासूनच नेलं होतं. फिरून फिरून माह्याच घरी आलं थे.” दुकान फसकन हसले, बाई हसल्या नाहीत. “तुमच्या पोटात खरंच राह्यते का, हे पाहून राह्यली होती मी. राह्यते. आता ‘ठेवा’ दाबते. धाकल्या पोराचं लगन आहे, साऱ्या आहेराचं तुमीच लक्षात ठिवा. पन बोलाचं नाई.”

आजवर शेठनी असंख्य गोष्टी लक्षात ठेवल्या होत्या. पण पारखून घेऊन ‘ठेवा’ असे त्यांना कोणी पहिल्यांदाच म्हणत होते. ते बराच वेळ काठ चोळत बसले. दुकान ओसरल्यावर त्यांनी कमरेची किल्ली सोडली आणि नीलमपुढे ठेवली.

“गाद्या तुमच्या खोलीत टाक,” ते म्हणाले. मग त्यांच्या डोळ्यांत व्यापारी जागा झाला. “पन एक सांग, सूनबाई. आज हो म्हनून उद्या नको म्हन्लं, तरी बी चालते, असं तूच लिवलं ना?”

नीलमने किल्लीवर ठेवलेला हात तसाच राहिला. आपणच लिहिलेल्या वाक्यात सापडण्यासारखी दुसरी फजिती वकिलाला नाही.

“थे संमतीचं,” आतून पानाबाई म्हणाल्या. “किल्ली म्हन्जे दान. देल्लेलं दान वापस मांगते का कोनी? लोकं काय म्हन्तीन?”

शेठनी एकदा बायकोकडे, एकदा सुनेकडे पाहिले, आणि ‘पाहू’ म्हणण्यासाठी उघडलेले तोंड मिटून घेतले.